क्रिप्टो रोजच्या व्यवहारात खरंच वापरतं कोण?

अबोली

चेनॅलिसिस नावाची अमेरिकन कंपनी दरवर्षी क्रिप्टोच्या वापराचा देशवार निर्देशांक काढते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं त्यात भारत पहिला आला. खरेदी-विक्री करणारे आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही. पण क्रिप्टो देऊन किराणा भरणारं, घरभाडं देणारं, आईच्या औषधांचे पैसे चुकते करणारं कुणी तुमच्या ओळखीत आहे का? माझ्या तरी नाही. भाव चढेल म्हणून घेऊन ठेवणं आणि त्यावर घर चालवणं यात फार अंतर आहे. या धाग्यात मला दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलायचंय. परदेशात पैसे पाठवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करत असल्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या डोक्यातला आहे.

माझं मत आधीच सांगते. जिथे हातातला पैसा टिकत नाही, किंवा तो सीमेपलीकडे न्यायला वाटच नसते, तिथे क्रिप्टो रुजतं. आणि तिथेही बिटकॉइन नाही, रुजतंय ते डॉलरला बांधलेलं स्टेबलकॉइन. त्यातही मुख्यतः टेदर कंपनीचं यूएसडीटी.

एल साल्वादोरचं उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर २०२१ पासून तिथे बिटकॉइन कायदेशीर चलन झालं. ज्याच्याकडे तांत्रिक सोय आहे त्या दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे असा कायदा होता. सरकारने 'चिवो' नावाचं ॲप काढलं आणि नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलरचं बिटकॉइन फुकट दिलं. तीन अर्थतज्ज्ञांनी नंतर १,८०० घरांची पाहणी केली. बहुतेकांनी ते ३० डॉलर खर्च केले किंवा काढून घेतले आणि ॲपकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. ज्यांनी वापर चालू ठेवला ते तरुण, शिकलेले, बँकेत खातं असलेले पुरुष होते. प्रयोग केला होता बँकेच्या बाहेर राहिलेल्यांसाठी!

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. एल साल्वादोरमध्ये २००१ पासून अमेरिकन डॉलर हेच चलन आहे. टिकणारा पैसा लोकांच्या खिशात आधीपासूनच होता. मग दर आठवड्याला वरखाली होणारं बिटकॉइन ते कशाला बाळगतील? अमेरिकेत राबणारी माणसं घरी पैसे पाठवतात, त्यावर त्या देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त उभा आहे. बिटकॉइनमुळे या लोकांचं पाठवणावळीचं कमिशन वाचेल असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात घरी येणाऱ्या या पैशांत क्रिप्टो पाकिटांतून येणारा हिस्सा दोन टक्क्यांच्याही आत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १४० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार ठरला आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकानदारांवरची सक्ती कायद्यातून काढावी लागली.

तुमच्यापैकी जे परदेशात राहिलेत किंवा राहतात, त्यांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं ही विनंती. भाव कुठे जाईल, कुठलं कॉइन घ्यावं, याची चर्चा कृपया इथे नको.

पारिजात

विषय आवडला. वाचतेय.

लागोसकर

अबोलीताई, तुमचं म्हणणं नायजेरियाला तंतोतंत लागू पडतं. मी लागोसमध्ये यंत्रांचे सुटे भाग आयात करणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघायचो. ऐकीव काही लिहीत नाही.

मूळ दुखणं असं, की नायरा हातात आहे, पण चीनमधल्या पुरवठादाराला डॉलर हवेत. सरकारी दराने बँकेत अर्ज केला तर डॉलर मिळेपर्यंत मालाचा हंगाम उलटून जायचा. मोठ्या कंपन्यांची ओळखपाळख असते. लाडिपोसारख्या बाजारात गाडीचे भाग विकणाऱ्या माणसाला कोण विचारणार? तो रस्त्यावरच्या अबोकीकडे जायचा. अबोकी म्हणजे चलन बदलून देणारे, बहुतेक हौसा भाषक. त्यांच्याकडे नोटा मिळतात, पण नोटा ग्वांगझूला पोचवायच्या कशा?

फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना क्रिप्टो एक्स्चेंजची खाती बंद करायला सांगितलं. लोकांनी क्रिप्टो सोडलं नाही, ते सरळ आपापसात व्यवहार करू लागले. पद्धत अशी. विकणाऱ्याचं यूएसडीटी व्यवहार जुळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाकडे अडकवून ठेवलेलं असतं. घेणारा आपल्या बँकेतून त्याच्या खात्यात नायरा टाकतो आणि 'पैसे भरले' हे बटण दाबतो. विकणारा खातं तपासतो आणि मगच यूएसडीटी मोकळं करतो. यातही खाचाखोचा असतात. नायजेरियात 'फेक अलर्ट' हा जुना रोग आहे, म्हणजे पैसे जमा झाल्याचा खोटा एसएमएस. त्यामुळे मुरलेला विक्रेता एसएमएसकडे बघतसुद्धा नाही. तो बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघतो. पाठवणाऱ्याचं नाव आणि मंचावरचं नाव एकच आहे ना, हे अक्षर अन् अक्षर ताडून बघतो. भावाच्या खात्यातून पाठवलेले पैसे तो परत करतो. एवढं झालं की पंधरा-वीस मिनिटांत चीनमधल्या माणसाकडे डॉलरच्या किमतीचं काहीतरी पोचलेलं असतं. तो पुढे त्याचं युआन कसं करतो हे त्याचं तो बघतो.

जून २०२३ मध्ये नायराचा दर मोकळा सोडला. त्याआधी एका डॉलरला ४६० च्या आसपास नायरा पडायचे. फेब्रुवारी २०२४ पर्यंत दीड हजारावर गेले. पगारदार माणसाची वर्षानुवर्षांची बचत आठ-नऊ महिन्यांत एक तृतीयांश झाली. आमच्या कचेरीतला तरुण चालक पगार झाला की घरखर्चाचे नायरा ठेवून उरलेल्याचं यूएसडीटी घ्यायचा, पाच-दहा डॉलरचं असलं तरी. क्रिप्टोमागचं ब्लॉकचेन तंत्रज्ञान म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि गरजही नव्हती. त्याच्या दृष्टीने ती डॉलरची पेटी होती. किल्ली फोनमध्ये.

सरकारने स्वतःचं डिजिटल चलनही काढून पाहिलं होतं, ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा. ते चाललं नाही. चालेल कसं? शेवटी तो नायराच होता.

परखड

लागोसकर, माहिती छान, पण दुसरी बाजूही यायला हवी.

हेच यूएसडीटी आज आपल्याकडच्या सायबर चोरांचं लाडकं साधन आहे. 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देऊन निवृत्त शिक्षिकेची ठेव मोडायला लावतात, ते पैसे भाड्याने घेतलेल्या दहा-बारा खात्यांतून फिरवतात आणि यूएसडीटी करून देशाबाहेर नेतात. एकदा बाहेर गेलं की पोलीस हात चोळत बसतात. पुण्यात २०१८ मध्ये गेनबिटकॉइनचा गुन्हा दाखल झाला तो आठवा. बिटकॉइन द्या, दरमहा दहा टक्के परतावा घ्या, असं अठरा महिन्यांचं आमिष. त्यात शिकलेसवरलेले नोकरदार अडकले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो नाणी गेली आणि सामान्य ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

आणि जे 'स्थिर' म्हणवतात तेही नेहमी स्थिर नसतात. मे २०२२ मध्ये टेराचं नाणं डॉलरला बांधलेलं म्हणता म्हणता मातीमोल झालं. गरीब देशातल्या गरीब माणसाने आपली सगळी पुंजी अशा ठिकाणी ठेवावी, याचं कौतुक करताना मला भीती वाटते.

अबोली

परखड, तुमची भीती रास्त आहे आणि ती मी बाजूला सारणार नाही. फक्त टेरा आणि यूएसडीटी एका पारड्यात टाकू नका. टेराच्या नाण्याची भिस्त मुख्यतः दुसऱ्या, त्यांच्याच नाण्यावर होती. विश्वास उडाला तशी दोन्ही एकत्र कोसळली. यूएसडीटी किंवा तसंच डॉलरला बांधलेलं दुसरं नाणं यूएसडीसी, यांच्या मागे अमेरिकन सरकारी रोखे, बँकेतल्या ठेवी असा साठा असतो. तोही निर्धोक नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्यात यूएसडीसीचा काही साठा होता, आणि ते एका शनिवारी ८७-८८ सेंटपर्यंत घसरलं. रविवारी अमेरिकन सरकारने ठेवीदारांना हमी दिल्यावर सोमवारी सावरलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला त्यात साठा एकास एक असावा, कशात असावा, हे बांधून दिलंय.

पण लागोसमधला चालक याची तुलना सुरक्षित मुदत ठेवीशी करत नाही. त्याच्यासमोर दुसरा पर्याय होता तो डोळ्यांदेखत वितळणारा नायरा.

रानवाटा

अगदी! माझ्या कामातली एक सहकारी अर्जेंटिनात रोसारियोला असते. आमची कंपनी युरोपातली, आम्ही सगळे आपापल्या घरून काम करतो. तिच्याशी झालेल्या बोलण्यातून थोडं लिहिते.

२००१ च्या अखेरीस तिथे बँकेतून पैसे काढण्यावर मर्यादा आली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला लोकांच्या डॉलरमधल्या ठेवी सरकारने पेसोत बदलून टाकल्या, तेही पडलेल्या भावाने. तिच्या आजोबांची अशी ठेव होती. तेव्हापासून त्या घरात बँकेत डॉलर ठेवायचे नाहीत हा नियम. डॉलर ठेवायचे गादीत, कपाटात, जुन्या पुस्तकांत. २०२३ या एका वर्षात तिथे महागाई २११ टक्के झाली. सरकारी दराने महिन्याला फार तर २०० डॉलर घेता यायचे, तेही अटींसह. म्हणून मग 'ब्लू डॉलर', म्हणजे काळ्या बाजाराचा दर. हा दर तिथल्या वर्तमानपत्रांत उघड छापून येतो, आपल्याकडे सोन्याचा भाव येतो तसा.

परदेशातून तिचा पगार बँकेत आला असता तर सरकारी दराने पेसो झाले असते आणि खऱ्या किमतीच्या निम्मेच हातात पडले असते. म्हणून ती आणि तिच्यासारखे कित्येक जण पगार स्टेबलकॉइनमध्ये घ्यायला लागले. घरभाड्याची वेळ आली की लागतील तेवढेच पेसो करायचे, एक दिवस आधी नाही की नंतर नाही. ती म्हणते, त्या वर्षांत तिच्या घरात सगळ्यांना तारखेपेक्षा डॉलरचा दर जास्त पाठ असायचा.

एप्रिल २०२५ मध्ये सामान्य माणसावरचे डॉलर खरेदीचे निर्बंध बरेचसे उठले. अबोलीच्या मताची खरी परीक्षा आता तिथे होईल. बँकेतून सरळ डॉलर मिळायला लागले तर स्टेबलकॉइनची ओढ कमी व्हायला हवी. माझी सहकारी मात्र अजून बँकेवर विसंबायला तयार नाही. ती म्हणते, सरकारं येतात-जातात, आजोबांची ठेव परत आली नाही.

उत्तरायण

बिटकॉइनला इतक्या लवकर निकालात काढू नका. स्टेबलकॉइन हे कंपनीच्या मर्जीवर चालतं. टेदर एखाद्या पत्त्यावरचे पैसे गोठवू शकते आणि गोठवतेही. अमेरिकेच्या नावडत्या देशातल्या निरपराध माणसाने काय करायचं? बिटकॉइन कुणी गोठवू शकत नाही. ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानात बँका ठप्प झाल्या तेव्हा ज्या थोड्या मुली आधीपासून क्रिप्टो शिकल्या होत्या त्यांना बाहेरून मदत पोचवता आली. पाकिटाची किल्ली असलेले बारा शब्द तोंडपाठ असले तरी माणूस सगळी बचत घेऊन सीमा ओलांडू शकतो. ज्याच्यावर घर सोडून पळायची वेळ आलीय त्याला याची किंमत कळते. एल साल्वादोरमध्येही सरकारी ॲप फसलं, पण एल झोंते या किनाऱ्यावरच्या गावात सरकारच्या आधीपासून, २०१९ पासून, लोक लहान व्यवहार बिटकॉइनमध्ये करत होते. तिथे सक्ती नव्हती.

अबोली

उत्तरायण, गोठवण्याचा मुद्दा बिनतोड आहे. पळून जाणाऱ्या माणसासाठी बिटकॉइनला तोड नाही, हेही मान्य. पण तो संकटकाळचा उपयोग झाला, रोजचा नव्हे. एल झोंतेमध्ये सुरुवात एका देणगीतून झाली होती, सर्फिंगला येणारे परदेशी पर्यटक होते. तसं प्रत्येक गावाला कुठून मिळणार?

निर्वासितांवरून आठवलं. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाने युक्रेनमधल्या विस्थापितांना यूएसडीसीमध्ये मदत द्यायला सुरुवात केली. फोनवर पैसे येतात आणि मनीग्राम या पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर जाऊन त्याची रोकड मिळते. मला यात तंत्रज्ञानापेक्षा मनीग्रामचं केंद्र महत्त्वाचं वाटतं. आमच्या कामातही हेच दिसतं. पैसे जगभर धाडणं आता सेकंदांचं काम आहे. ते गावातल्या बाईच्या हातात नोट म्हणून ठेवणं, हे अवघड आणि खर्चाचं काम आहे, आणि ते ब्लॉकचेन करून देत नाही.

पोफळी

आमच्या रत्नागिरी भागात घरटी एक माणूस आखातात. पैसे पाठवायचे तर एक्स्चेंज हाउसच्या रांगेत उभं राहायचं, किंवा आता त्यांच्याच ॲपवरून. दुबईहून भारतात पैसे पाठवणं बऱ्यापैकी स्वस्त आहे, कारण स्पर्धा जबरदस्त. सकाळी पाठवले तर कित्येकदा त्याच दिवशी आईच्या खात्यात. मग माझ्या मामेभावाने क्रिप्टोच्या वाटेला का जावं? त्याला कुणी हजार दिरहमांमागे चार पैसे जास्त देतो म्हणाला तर तो माणूस बहुधा हवाल्याचा असतो, आणि हवाल्याला आता यूएसडीटीचं नवं अंग फुटलंय एवढंच. मी त्याला घरच्या माणसासारखं बजावलंय, टेलिग्रामवरच्या जास्त दराला भुलू नको.

अबोली

पोफळी, हे फार मोलाचं. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०० डॉलर पाठवायचा खर्च जगभरात सरासरी सहा टक्क्यांच्या वर आहे, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तो आठच्या घरात जातो. दुबई-भारत मार्गावर त्याहून पुष्कळ कमी. तुमच्या मामेभावाची अडचण आधीच सुटलेली आहे. घाना ते टोगो, नायजेरिया ते कॅमेरून अशा शेजारच्या देशांत पैसे पाठवणाऱ्याची सुटलेली नाही. वाढ व्हायची ती तिथे होईल.

हिशेबनीस

भारताबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी कर सल्लागार आहे.

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोपासून लांब राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस, ठरावीक वार्षिक मर्यादेच्या वर.

आता समजा एखाद्याने क्रिप्टो देऊन टपरीवर २० रुपयांचा चहा घेतला. कायद्याच्या नजरेत त्याने मालमत्ता हस्तांतरित केली. ती किती रुपयांना घेतली होती, आज किती रुपयांना दिली, फरक किती, त्यावर ३० टक्के. दिवसात दोन चहा, महिन्याचे साठ हस्तांतरणाचे हिशेब. समोर क्यूआर कोड आहे, यूपीआयला एक पैसा खर्च नाही, कर नाही, कटकट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. हे सोडून टपरीवाला क्रिप्टो का घेईल? भारतातले बहुसंख्य वापरकर्ते गुंतवणूकदार किंवा सटोडिये आहेत. माझ्याकडे येणारेही सांगली, लातूर, अकोला इथले पंचविशी-तिशीतले, शेअर बाजाराच्या ॲपवरून इकडे आलेले.

आपसातल्या व्यवहाराचा धोकाही सांगून ठेवतो. लागोसकरांनी सांगितलेली पद्धत इथेही चालते. माझ्या एका अशिलाने यूएसडीटी विकलं, पैसे यूपीआयने आले, व्यवहार साफ. तीन आठवड्यांनी खातं गोठलं. पाठवणाऱ्याकडे ते पैसे चौथ्या हाताने आले होते आणि पहिल्या हाताला कुण्या दूरच्या राज्यात फसवणुकीची तक्रार होती. बँक म्हणते सायबर सेलकडे जा, सायबर सेल त्या राज्यातला. त्याच्या दुकानाचे रोजचे पैसे त्याच खात्यात. चूक काही नसताना तो महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत राहिला.

परखड

हे वाचून तरी लोक सावध होवोत. हिशेबनीस, आभार.

नवखा

सर्वांना नमस्कार. भाचा नाशिकला बसून बाहेरच्या ग्राहकांसाठी व्हिडिओ संकलन करतो. एक नायजेरियन ग्राहक म्हणतो की बँकेतून पैसे पाठवणं जमत नाही, यूएसडीटी घे. काम चांगलं आहे, माणूसही भला वाटतो. घ्यावं का?

लागोसकर

ग्राहक खोटं बोलतोय असं समजू नका. तिथल्या कार्डाने परदेशात पैसे भरायला बरीच वर्षं अगदी तुटपुंजी मर्यादा होती, काही काळ तर बंदच. लहान व्यावसायिकाला बँकेतून डॉलर पाठवणं आजही जिकिरीचं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये क्रिप्टो कंपन्यांना खाती द्यायला बँकांना परवानगी मिळाली, मग २०२४ मध्ये नायरा घसरल्याचं खापर याच मंचांवर फुटलं, बायनान्स या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजचा एक अधिकारी कित्येक महिने तुरुंगात होता, आणि मार्च २०२५ मध्ये कायदा करून क्रिप्टोला रीतसर नियंत्रणाखाली घेतलं. इतक्या कोलांट्या झाल्या तरी लोकांचा वापर थांबला नाही. सप्टेंबर २०२३ पासून तिथे ऑपेराच्या मोबाइल ब्राउझरमध्येच मिनीपे नावाचं पाकीट मिळतं. लांबलचक पत्ता नाही, फोन नंबरवर डॉलर-नाणी पाठवायची. खर्च नगण्य. साध्या अँड्रॉइड फोनवर आणि थोड्याशा डेटावर चालतं. रोजचा वापर वाढला तर तो असा वाढेल असं मला वाटतं.

हिशेबनीस

नवखा, तिकडची अडचण खरी असली तरी भाच्याला इकडचे नियम पाळायचे आहेत.

निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फत यावेत अशी परकीय चलन कायद्याची अपेक्षा असते. बँकेतून आले की परकीय चलन मिळाल्याचा दाखला मिळतो. यूएसडीटीला असा दाखला नाही. दुसरं, जीएसटीत सेवेची निर्यात शून्य दराची ठरायला मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत, मिळावा लागतो. यूएसडीटी आपल्या कायद्यात चलन नाही, आभासी मालमत्ता आहे. त्यामुळे भाचा जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर त्याच कामावर १८ टक्क्यांची मागणी निघू शकते. तिसरं, यूएसडीटी मिळालं त्या दिवशीच्या किमतीने ते व्यवसायाचं उत्पन्न, आणि पुढे विकताना भावात फरक पडला तर त्यावर वेगळा ३० टक्के. आणि विकताना आपसात विकलं तर खातं गोठण्याचा धोका वर लिहिलाच आहे.

त्या ग्राहकाला सांगा, की नायजेरियात त्याच्याकडून नायरा किंवा स्टेबलकॉइन घेऊन भारतात बँक खात्यात रुपये जमा करणारी परवानाधारक सेवा शोध. अशी सेवा मिळाली तर भाच्याच्या बाजूला सगळं बँकेतूनच येईल. ती मिळेपर्यंत रक्कम लहान असली तरी यूएसडीटी घेऊ नये. आधीच घेतलं असेल तर तारीख, त्या वेळचा दर, व्यवहाराचा क्रमांक आणि बिल एकत्र जपून ठेवायला सांगा आणि विवरणपत्र भरण्याआधी मला खासगी निरोप करा.

नवखा

अजून घेतलेलं नाही. त्याला आजच कळवतो. ग्राहकाला अशा सेवेबद्दल विचारायला सांगतो आणि काय उत्तर येतं ते इथे लिहीन.